साइडपट्टी

१

हनोईत सकाळी रस्त्यावर पळणारा माणूस एक तर नवखा असतो, नाही तर डॉक्टरनं त्याला भीती घातलेली असते. सुग्रीवच्या बाबतीत दोन्ही खरं होतं. केज तालुक्यातल्या एका खेड्यात वाढलेला हा गडी, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत तपासनीस म्हणून तिकडं गेला. बायको मोहिनी आणि मुलगी पुण्यात राहिल्या. एकट्यासाठी कोण शिजवणार, म्हणून दोन्ही वेळा बाहेर खाणं सुरू झालं. चाळिशीच्या तोंडावर पोट सुटलं आणि कंपनीच्या तपासणीत रक्तात साखर निघाली. डॉक्टरीणबाईंनी टेबलावर दोन बोटं भराभर चालवून दाखवली. भाषा कळली नाही तरी मतलब कळला.

पळायचं तर खरं, पण कुठं? फूटपाथ होता, त्याच्यावर स्कूटर लावलेल्या. दोन स्कूटरींच्या मधे रश्श्याचं पातेलं उकळत असे आणि पातेल्याभोवती वीतभर उंचीच्या प्लास्टिकच्या स्टुलांवर बसून लोक शेवया ओरपत असत. त्यांना ओलांडून रस्त्यावर उतरावं तर स्कूटरींचा लोंढा. लोंढ्याला घाई झाली की तोही फूटपाथवर चढणार. त्यात सगळी वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूनं. जन्मभर डावीकडून चाललेल्या माणसाला तिथं साधं वळायचं म्हटलं तरी डोकं लावावं लागे. पहिल्या आठवड्यात सुग्रीव पळाला कमी आणि थबकला जास्त.

त्याच्याबरोबर काम करणाऱ्या तुआननं अखेर त्याला चौकात उभं करून शिकवलं. "थांबायचं नाही. घाबरून उडी मारायची नाही," तुआन मोडक्या इंग्रजीत म्हणाला. "एक हात असा खाली, थोडा बाजूला धर आणि सरळ जात राहा. तू कुठं जाणार हे लोकांना दिसलं की ते आपोआप बाजूनं जातात. जो मधेच बाजूला उडी मारतो तो मरतो."

सुग्रीवला हे जमायला बरेच दिवस लागले, पण जमलं ते असं जमलं की तुआनलाही कौतुक वाटावं. तो रस्त्याच्या उजव्या कडेनं एका चालीनं पळे, एक हात जरा बाजूला धरून, आणि अख्खं शहर त्याच्या दोन्ही अंगांनी न शिवता निघून जाई. पिवळंजर्द जाकीटही घेतलं होतं त्यानं, लांबून दिसावं म्हणून.

दम लागायला लागला की मात्र त्याला केज रोड आठवे. सैन्यभरतीच्या तयारीला सगळी पोरं त्याच रस्त्यावर पळायची. पहाटेचा अंधार, थंडी, कुडकुडत घातलेले बनियन आणि उसाच्या ट्रॅक्टरांची ये-जा. त्या ट्रॉल्यांना मागं दिवा नाही, पुढं ट्रॅक्टरला असला तर एकच. म्हणून पोरांनी आपापसात कायदा केला होता. पुढच्यानं मागं बघायचं नाही, पाय आखडतात. सगळ्यांत शेवटी पळणारा तो 'मागचा'. त्यानं कान मागं ठेवायचे आणि हाक द्यायची, "गाडी हाय, डावीकडं." हाक आली की प्रश्न न विचारता डावीकडच्या साइडपट्टीवर, मुरमात उतरायचं. आणि पुढचे सगळे उतरल्याशिवाय मागच्यानं डांबर सोडायचं नाही.

मागचा नेहमी उत्तरेश्वर असे. सुग्रीवचा जिवाभावाचा दोस्त. पळायला सगळ्यांत वेगवान, पण मागं राही. भरती दोघांचीही हुकली. एकाची छाती कमी भरली, एकाचं काहीतरी दाताचं निघालं. सुग्रीव डिप्लोमाला गेला, उत्तरेश्वरनं केजला विहिरींवरच्या जळक्या मोटारी भरून द्यायचं दुकान टाकलं. ते दिवस सुग्रीवला आयुष्यातले सगळ्यांत चांगले दिवस वाटत. हातात काही नव्हतं, पण मागं माणूस होता.

दिवाळी नुकतीच झाली होती. सुग्रीव तळ्याकडच्या रस्त्यानं पळत होता, ऐन गर्दीत. मागून हाक आली.

"गाडी हाय, डावीकडं."

त्याचे पाय डावीकडं पडलेसुद्धा. एक बाई स्कूटरसकट त्याला घासून गेली, तिच्या पिशवीतली संत्री रस्त्यावर सांडली. मागचे चार जण कचकन थांबले आणि त्यांना जे म्हणायचं ते त्यांनी म्हणून घेतलं. सुग्रीवनं वळून पाहिलं. शाळेच्या कपड्यातली दोन मुलं, एक फुलांची सायकल, आणि त्यामागं शंभर अनोळखी चेहरे.

२

तपासनीस माणूस. त्यानं संध्याकाळपर्यंत कारणं काढली. हनोईत आपली माणसं काही कमी नाहीत, असेल कोणी मराठी पर्यटक. नाही तर आठवणीच इतक्या घोळवल्या, की कान वाजले. कारण सापडलं की तो निश्चिंत होई, तसा झालाही.

दोन दिवसांनी त्याला पावलं ऐकू आली. कोणीतरी मागून त्याच्याच चालीनं पळत होतं. यात काही विशेष नव्हतं, तळ्याकाठी पळणारे पुष्कळ. विशेष होतं ते आवाजात. सुग्रीव फरशीवरून पळत होता. आजूबाजूला दूरपर्यंत फरशी, सिमेंट आणि डांबर. आणि ती मागची पावलं मुरमात पडत होती. खर्रक, खर्रक. मधे एखादा खडा उडून लांब जाई, तोही आवाज येई.

खरं सांगायचं तर सुग्रीव भ्याला नाही. त्याला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की त्याचे डोळे भरून आले, आणि तळ्याकाठी हातवारे करत व्यायाम करणाऱ्या म्हाताऱ्या बायका त्याच्याकडं बघायला लागल्या. कायदा त्याला पाठ होता, म्हणून त्यानं मागं पाहिलं नाही.

मग तो सकाळची वाट बघायला लागला. गजर व्हायच्या आत उठून बूट बांधून बसू लागला. पहिला चौक ओलांडला की मागं पावलं लागत. पुढं त्यांच्याबरोबर श्वासही यायला लागला. उत्तरेश्वरचा श्वास त्यानं हजारात ओळखला असता. नाकाचं हाड वाकडं असल्यानं तो सोडताना बारीक शीळ वाजे. सुग्रीवनं मोहिनीला फोनवर एवढंच सांगितलं, की आजकाल पळायला करमतंय.

३

त्या दिवशी धुकं आणि धूर एकच झाले होते. पावलं मागं होती. अचानक ती जोरात पडायला लागली, आणि त्यांच्या मागून सुग्रीवला एक आवाज ऐकू आला, जो त्या शहरात असण्याचं काही कारणच नव्हतं. ओझ्यानं कण्हणारा ट्रॅक्टर, आणि त्याला जोडलेल्या दोन ट्रॉल्यांच्या साखळ्यांचा खळखळाट.

"गाडी हाय, डावीकडं."

तुआनचा शब्द त्याला आठवत होता. डावीकडं काय आहे हेही दिसत होतं. त्यानं दात आवळले आणि सरळ पळत राहिला.

"सुग्र्या, डावीकडं. उतर की बे."

आवाजात घाबरेपणा होता. उत्तरेश्वर असा कधी ओरडलेला त्याला आठवत नव्हता. ट्रॅक्टर पाठीशी आला, साखळ्या कानाशी आल्या, आणि सुग्रीवनं डावीकडं उडी घेतली. एका मोटारीचा आरसा त्याच्या कोपरावर फुटला. तो दुभाजकापाशी जाऊन आदळला. डोळे उघडले तेव्हा भोवती स्कूटरी वळसे घालून जात होत्या आणि कुठंही ट्रॅक्टर नव्हता.

तुआननं त्याला दवाखान्यात नेलं आणि वाटभर झापलं. "उडी मारलीस. का मारलीस? मागं कोण होतं?"

सुग्रीव म्हणाला, "मित्र."

४

हाताला पट्टी बांधून तो खोलीवर आला आणि त्यानं उत्तरेश्वरला फोन लावला. बऱ्याच महिन्यांनी. दुकानात कसलीतरी मोटार घरघरत होती, ती बंद झाली.

"सुग्र्या? आरं, कावून एवढ्या दिसांनी?"

उत्तरेश्वर जिवंत, धडधाकट, खुशीत होता. सुग्रीवला एवढं हायसं वाटलं की तो खाटेवर बसला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग त्यानं जपून विचारलं, "सकाळचं पळणं सुटलंच असंल आता?"

"सुटलतं. दिवाळीपासनं परत चालू केलंय."

"एकलाच?"

मग दुकानाचं दार लोटल्याचा आवाज आला. "एकला कसा? तू असतोस की पुढं."

सुग्रीव हसला. पलीकडून हसू आलं नाही.

"वर्षाराणीला बोलू नको," उत्तरेश्वर हळू आवाजात म्हणाला. "ती म्हनती, डोस्कं फिरलंय. पन मला दिसतंय. आदी निसत्या टाचा दिसायच्या. आता पुरा दिसतोस. ते पिवळं जाकीट नवं घेतलंस का? लई लांबून चमकतंय."

जाकिटाचा फोटो सुग्रीवनं कुणालाच पाठवला नव्हता. त्यानं मनातल्या मनात हिशेब केला. हनोईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढं. तो गर्दीत पळतो तेव्हा केजला नुकतं फटफटत असतं.

"आज लई उशिरा उतरलास बे," उत्तरेश्वर म्हणाला. आता त्याच्या बोलण्यात जुना रुसवा होता. "ट्रॅक्टर पार अंगावर आलता. तू उतरल्याबगर मी कसा उतरनार? ट्रॉलीतला ऊस माझ्या खांद्याला घासून गेला. वळ उठलाय."

"उत्तरेश्वर, ऐक माझं. पळू नको तू."

"त्येबी करून बघितलं. दोन दिस घरीच झोपलो. मग अंथरुनात ऐकायला आलं, तू रस्त्यानं एकलाच चाललास. मागं कुनी न्हाई. तसं कसं झोपावं मानसानं?"

५

मग आपणच पळायचं बंद करावं, असं सुग्रीवनं ठरवलं. पुढचा माणूसच नसला तर मागचा कशाला रस्त्यावर थांबेल? विचार सरळ होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो दाराला कडी लावून खोलीत बसून राहिला. खालून रश्श्याचा वास आणि हॉर्न येत होते. जाकीट खुंटीला होतं. त्यानं ते मधून मधून बघितलं, आणि आपण हे कशासाठी बघतोय म्हणून स्वतःचीच लाज वाटून घेतली.

उजाडून बराच वेळ झाल्यावर त्यानं फोन केला. फोन उत्तरेश्वरच्या बायकोनं, वर्षाराणीनं उचलला.

"भावजी, तुमीच सांगा आता यान्ला," ती म्हणाली. ती रडून झालेली होती. "आज हातापायाला खरचटून आलेत. टेम्पो लागता लागता वाचले. कुलूप लावलं तर भिताडावरनं उडी टाकून जातेत. इचारलं तर म्हनतेत, सुग्र्या उतरला न्हाई, मी कसा उतरू?"

"आज? वर्षाराणी, मी आज पळालोच नाही."

"मला काय कळतंय भावजी. त्यान्ला फोन देते म्हनलं तर घीनात."

पण मग उत्तरेश्वरनं फोन घेतला. "आज का तसं केलंस बे? तीनदा हाक दिली. तू सरळच. एक हात असा बाजूला धरून सरळच चाललास, जनू काय गाड्याच तुला वाट देनार हायेत."

सुग्रीवनं फोन ठेवला. आपण पळतो तेव्हा निदान हाकेसरशी उतरायला आपण तरी असतो. आपण नसतो तेव्हा पुढं कोण असतं, हा विचार त्याच्या मनात आला आणि त्यानं तो पुरता होऊ दिला नाही. त्याच दिवशी त्यानं रजा टाकली.

६

केजच्या स्टँडवर उत्तरेश्वर घ्यायला आला होता. निम्मा झाला होता. पण मिठी तशीच, बरगड्या मोडणारी.

"पोट लई सुटलंय बे तुझं," तो म्हणाला. "पळताना दिसत न्हाई एवढं."

रात्री वर्षाराणीनं ज्वारीच्या भाकरी टाकल्या, पिठलं केलं, शेंगदाण्याची चटणी कुटली. कित्येक वर्षांनी दोघं एका ताटात जेवले. कोण किती पळायचं, कुणाचे बूट कुणी चोरले, मास्तरांनी कुणाला कुठं धरलं, सगळं निघालं. वर्षाराणी हसता हसता डोळे पुसत होती. सुग्रीवला वाटलं, झालं, माणूस घरी आला की अशा गोष्टी संपतात.

निजताना तो म्हणाला, "सकाळी दोघं मिळून पळू. मी पुढं, तू मागं. गाडी आली की मी उतरतो, तू उतर. संपला इषय."

"हाव. संपला," उत्तरेश्वर शहाण्या पोरासारखं म्हणाला.

पहाटे ते निघाले. पिवळं जाकीट सुग्रीव मुद्दाम हनोईतच ठेवून आला होता. अंगात जुना स्वेटर होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, काही तुटलेला, काही उभा. पाचट जाळल्याचा वास होता. पाय सुरुवातीला कुरकुरले आणि मग चालीला लागले. मागं पावलं होती, बारीक शीळ घालणारा श्वास होता, आणि या वेळी त्यांच्यामागं खरा माणूस होता. सुग्रीवला एवढा आनंद झाला की त्याला हसू फुटलं. आयुष्यात पुन्हा काही मिळालं नाही तरी चालेल, असं त्याला वाटलं.

मागं ट्रॅक्टर कण्हायला लागला. साखळ्या वाजल्या.

"गाडी हाय, डावीकडं."

सुग्रीव तत्काळ उतरला. मुरूम पायाखाली वाजला. तो उभा राहिला आणि दुसरे दोन पाय मुरमात पडायची वाट बघू लागला. ते पडले नाहीत. उत्तरेश्वर त्याच्या शेजारून, त्याच्याकडं न बघता, डांबरावरून पुढं निघून गेला.

"डावीकडं, सुग्र्या," तो पुढं तोंड करून ओरडत होता. "उतर की."

सुग्रीव धावला. त्यानं त्याचा दंड धरला. "उतरलोय मी. हा बघ. इथं हाय मी. चल, उतर."

ट्रॅक्टरचा एकुलता दिवा दोघांवर पडला. उत्तरेश्वरनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. नीट पाहिलं. मग, वाटेत आडव्या आलेल्या परक्या माणसाशी बोलावं तसं, अदबीनं म्हणाला, "सोडा, पाव्हणं. माझा मानूस पुढं हाय. त्यो उतरला न्हाई अजून."

त्यानं दंड सोडवून घेतला. त्या अंगात एवढा जोर कुठून आला कोण जाणे. तो पळत सुटला, आणि त्याच्या पलीकडं, उजेड संपतो तिथं, सुग्रीवला दिसलं. कोणीतरी पळत होतं. घाई नाही, धाप नाही. रस्त्याच्या उजव्या कडेला, एका चालीनं, एक हात जरा बाजूला धरून. चेहरा दिसायचं कारण नव्हतं, पाठ इकडं होती. पण खांद्यांची ती ठेवण सुग्रीवनं हनोईतल्या दुकानांच्या काचांत रोज बघितली होती.

विचार करायला वेळ नव्हता. त्याच्या तोंडून आपोआप निघालं, जुन्या सुरात, पोटातून:

"गाडी हाय, डावीकडं."

हाक नेहमी उत्तरेश्वरनं दिलेली, पण कायदा त्याच्याही पायांत होता. मागून हाक आली, की उतरायचं. त्यानं डावीकडं उडी घेतली. पाठोपाठ सुग्रीवनंही अंग टाकलं. ट्रॅक्टर दोघांना धूळ चारून गेला. पुढं जाऊन तो हलकेच बाजूला वळला, कुणाला तरी वाट द्यावी तसा, आणि पुन्हा आपल्या जागी आला.

उत्तरेश्वर उठला, गुडघे झटकले आणि डांबरावर चढून पळायला लागला. सुग्रीव त्याच्या मागं निघाला. दुसरं काय करणार होता? घरी ती बाई दाराला टेकून बसलेली असणार.

थोडं अंतर गेल्यावर उत्तरेश्वरनं मागं न बघता विचारलं, "मागं कोन हाय?"

सुग्रीवच्या ओठांवर स्वतःचं नाव आलं. सुग्रीव तर पुढं चालला आहे, हे त्याला आठवलं. नाव सांगितलं तर हा पुन्हा मागचा होईल, आणि मागचा उतरत नाही.

"गावातलाच हाय," तो म्हणाला. "पळा तुमी."

"बरं झालं आलात," उत्तरेश्वर म्हणाला. त्याच्या आवाजात फार दिवसांनी विसावा होता. "मागं कुनीतरी पायजेच."

सुग्रीवला रडू आलं, पण पळताना रडता येत नाही, श्वास तुटतो. त्यानं कान मागं ठेवले. फटफटायला लागलं होतं. पुढं उत्तरेश्वरची पाठ होती आणि तिच्याही पुढं, धुक्यात, ती दुसरी. लवकरच मागं पुन्हा साखळ्या वाजल्या. दोन ट्रॉल्या असाव्यात, भरलेल्या.

"गाडी हाय, डावीकडं," सुग्रीवनं हाक दिली.

उत्तरेश्वर उतरला. पुढचा उतरला नाही. सुग्रीवनं पुन्हा हाक दिली, मग आणखी एकदा, घसा फाटेपर्यंत. पुढचा एका चालीनं जात राहिला. दिव्याचा उजेड सुग्रीवच्या पाठीवर चढत आला, आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की आपणही अजून डांबरावरच आहोत.